दारूचं वय सरसकट २१ करावं का?

निखिल, हडपसर:
आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला २१ पूर्ण लागतात, व्हिस्की-रमला २५. गोव्यात १८. मुलगा १८ व्या वर्षी मत देतो, २१ व्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो, पण स्वतःच्या लग्नाच्या पार्टीत पेग घेतला तर कायदा मोडतो. असा नियम कोणी मनावर घेत नाही. पोरं मग खोलीवर दार लावून चौघांत एक खंबा संपवतात. बिअरपेक्षा क्वार्टर परवडते, आणि काही झालं तर घरी फोन करायची भीती. माझं मत: सगळ्यालाच २१ करा आणि ते २१ कडकपणे पाळा.

मृणाल, कर्वेनगर:
साफ विरोध. १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची रात्र आठव. १७ वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो आधी पबमध्ये प्यायला होता. पाळलं जात नाही म्हणून वय खाली आणायचं, हे मला पटतच नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात बऱ्याच राज्यांनी वय १८-१९ वर आणलं, तरुण चालकांचे अपघात वाढले. शेवटी १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला: २१ करा, नाहीतर महामार्गाचा निधी कापू. त्यानंतर मृत्यू कमी झाले.

निखिल:
ताई, त्यांनीही २१ च केलं ना, २५ नाही! आणि कल्याणीनगरच्या मुलाला २१ चा नियमही आडवा आला नाही. दारात कोणी आधार कार्ड नीट बघितलं असतं तर दोन जीव वाचले असते. मला त्याचाच राग येतो.

मृणाल:
मग आधी दार सांभाळून दाखवा, वयाचं नंतर बघू. आज २१ चा मुलगा बारमध्ये बसला की त्याच टेबलावर १८-१९ चे मित्र असतात. उद्या त्याला व्हिस्कीही मिळाली की ती त्यांच्याही ग्लासात जाणार.

सदाशिव पेठेतले काका:
मूळ कायदा १९४९ चा, आणि तो दारूबंदीचा आहे. कोणत्याही वयात प्यायला परवाना लागतो, हेच निम्म्या पिणाऱ्यांना माहीत नसेल. आमच्या वेळी पिणारा गल्ली बदलून जायचा. आता थर्टी फर्स्टला सोसायटीच्या गच्चीवर बाप-लेक एकत्र बसतात. मला ते आवडत नाही, पण लपवाछपवी गेली हे चांगलंच झालं.

अश्विनी, वारजे:
काका, एकत्र बसण्याचं कौतुक मला नाही करवत. माझ्या भावाला पहिला पेग मामाने दिला, चुलतभावाच्या हळदीला, बारावीच्या सुट्टीत. "आता मोठा झालास" म्हणून सगळे हसले. पुढे त्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं लागलं. तिथल्या कुटुंबीयांच्या बैठकीत ऐकलं तर सुरुवात घरच्याच कार्यात झालेले बरेच निघाले. तिथे कुठला बाउन्सर आधार कार्ड बघणार? वय २१ ठेवा की २५, पोराच्या हातात ग्लास देणाऱ्या मोठ्या माणसाला आधी जाब विचारा.

निखिल:
अश्विनीताई, हे मान्य. पण जाब विचारायचा तर नियम लोकांना पटणारा हवा. २४ वर्षांच्या नोकरदार मुलाला पेग दिला म्हणून मामाला कोण धरणार? १७ च्या पोराला दिला तर धरतील. म्हणून रेघ २१ वर हवी.

मृणाल:
आणि मी म्हणते, तुझी ती रेघ आधी बिअरवर पाळून दाखव.