व्हिसलब्लोअर अपील: फेडरल सर्किट की नववं सर्किट? मदत हवी आहे

बहीण कॅलिफोर्नियात केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. एमएसपीबीचा (केंद्रीय कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणारं बोर्ड) अंतिम आदेश विरुद्ध गेलाय. ६० दिवसांत कोर्टात पोहोचायला हवं, त्यातले १९ संपले.

२०१८ च्या कायद्यामुळे अशी प्रकरणं फेडरल सर्किटऐवजी (वॉशिंग्टनमधलं ठरावीक विषयांचं अपील कोर्ट) आपल्या भागातल्या सर्किटमध्येही, म्हणजे विभागीय अपील कोर्टात (कॅलिफोर्नियासाठी नववं), नेता येतात, हे माहीत आहे. तिची तक्रार निव्वळ व्हिसलब्लोइंगची (गैरप्रकार उघड केला म्हणून कारवाई झाल्याची) आहे, भेदभावाचा मुद्दा नाही. वकील आहे, पण त्यांनी नवव्या सर्किटमध्ये असं प्रकरण कधी चालवलेलं नाही.

अडचण नियम ३६ ची. फेडरल सर्किट त्याखाली कारणं न देताच बोर्डाचा आदेश कायम करू शकतं. नमुने पाहिले: न्यायाधीशांची नावं आणि खाली एक शब्द, ‘कायम’. बस्स! आमचा सगळा भर एकाच मुद्द्यावर आहे: तशीच चूक करणाऱ्या पण तक्रार न केलेल्या सहकाऱ्यांना खात्याने कसं वागवलं. हरलो तरी चालेल, पण यावर उत्तर लेखी हवं, कारण पुढे सुप्रीम कोर्टात जायचं तर बोट कशावर ठेवणार?

नवव्या सर्किटमध्ये एमएसपीबीचं प्रकरण कुणी नेलंय का? छोट्या मेमोरँडममध्ये (संक्षिप्त निकालपत्रात) का होईना, मुद्देवार कारणं मिळाली का? आणि फेडरल सर्किटमध्ये ‘लेखी निकाल द्या’ अशी विनंती ब्रीफमध्येच (कोर्टाला दिलेल्या लेखी युक्तिवादात) केली, तर तिचा कुणाला उपयोग झालाय का?