‘ट्रॅपर’ला मराठीत काय म्हणावं?

कुमारवयीन वाचकांसाठी एक ऐतिहासिक कादंबरी लिहिते आहे. काळ १८३८, जागा इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली दगडी कोळशाची खाण. नायिका आठ वर्षांची आहे. खाणीच्या पोटातलं एक लाकडी दार सांभाळणं एवढंच तिचं काम. कोळशाचा गाडा आला की दोरी ओढून दार उघडायचं, गाडा गेला की लगेच लावून घ्यायचं आणि उरलेला वेळ अंधारात बसून राहायचं. दार उघडं राहिलं तर वारा भलत्याच वाटेने जाई, आतल्या भुयारांत ज्वालाग्राही वायू साठे आणि एका ठिणगीने भडका उडे. म्हणजे मोठ्या माणसांचे जीव या पोरांच्या हाती असत.

अशा मुलांना तिथे ‘ट्रॅपर’ म्हणत. शब्दकोशात पाहिलं तर ‘फासे लावून जनावरं धरणारा’! इथे फाशाचा काही संबंध नाही, ‘ट्रॅप-डोअर’ सांभाळतो तो ट्रॅपर. सध्या मी ‘द्वारपाल’ लिहिलं आहे, पण वाचताना अडखळायला होतं. शिवाय कथेत खाणीतली एक अद्भुत शक्तीही आहे. तिला भूत म्हणू, यक्ष म्हणू की आणखी काही? तिच्यामुळे पुस्तकाला ‘मिथक’ म्हणावं का, हाही प्रश्न आहेच.

प्रतिसाद

द्वारपाल नकोच. हा शब्द आला की जय-विजय डोळ्यांपुढे उभे राहतात, गदा घेतलेले, देवळाच्या दाराएवढे उंच. आणि द्वारपाल आत येणाऱ्याला अडवतो. तुमची मुलगी कोणाला अडवत नाही, वाट करून देते. ‘दरवान’ म्हटलं तर पोशाखातला पगारी माणूस दिसतो.

माझ्या मते इथे नाम शोधूच नये. मराठीत कामाचं ठिकाण सांगितलं की माणसाचं काम कळतं. ‘तो गुऱ्हाळावर असतो’, ‘ती गिरणीत आहे’. तसंच, ‘तू कशावर?’ ‘मी दारावर. ताई गाड्यावर.’ या दोन वाक्यांत मुलांना सगळं समजेल, तळटीप लागणार नाही.

ताईवरून आठवलं. गाडे ओढणाऱ्या मुलांना तिथे ‘हरियर’ म्हणत. तो शब्द घाईशी जोडू नका, तिथल्या खाणींत ‘हरी’ करणं म्हणजे कोळसा वाहून नेणं. कमरेला पट्टा, त्याला साखळी, ती दोन पायांमधून मागच्या गाड्याला, आणि पोर रांगत पुढे. ‘ढकलगाडी’ लिहिलंत तर हे चित्रच उलटं होईल. ढकलणारी मुलं मागे वेगळी असत.

प्रतिसाद

‘राखणदार’ घ्या. दार राखणारी म्हणून मुलीला शोभतो. आणि कोकणात राखणदार म्हणजे जागा सांभाळणारी अदृश्य शक्तीही. मुलगी आणि ती शक्ती, दोघांना एकच शब्द मिळेल. असा योग मराठीत सहसा जुळून येत नाही.

प्रतिसाद

शब्द सुंदर आहे, तरी मला धास्ती वाटते. राखणदार म्हटलं की नारळ, गाऱ्हाणं, गावची वेस हे सगळं मागोमाग येतं. यॉर्कशायरच्या भुयारात ते कुठे ठेवणार? ‘मुंजा’चंही तेच. लहानपणी गेलेल्या मुलाचं भूत म्हणून मोह होईल, पण मुंज झाल्याशिवाय मुंजा नाही. ‘यक्ष’ धन राखतो खरा, पण प्रश्न विचारल्याखेरीज त्याला मराठी वाचक ओळखणार नाही.

त्यापेक्षा तिथल्याच समजुती पाहा. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत ‘नॉकर’ असत. भिंतीआडून ठोके द्यायचे, आणि ते ऐकू आले की दरड कोसळणार असं कामगार मानत. त्यांच्यासाठी खाण्यातला तुकडा ठेवत. पण ते कॉर्नवॉलचे, उत्तरेत नेऊ नका. उत्तर इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत ‘ब्लू कॅप’ होता, कोळशाच्या गाड्यावर निळी ज्योत होऊन बसणारा. गाडा मग जणू तोच ढकलत नेई. तो मजुरी घेई! खाणीच्या एका कोपऱ्यात त्याचे पैसे ठेवायचे. कमी ठेवले तर रागावे, जास्त ठेवले तर वरचे तसेच सोडून जाई. पुढे सुरक्षादिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसली की हवेत वायू आहे हे कळू लागलं, त्या टोपीलाही कामगार हेच नाव देत. अदृश्य गड्याला पूर्ण मजुरी आणि अंधारातल्या पोरीला दिवसाचे काही पेन्स, हे तुमच्या कथेत आपोआप शेजारीशेजारी येईल. ‘निळटोप्या’ म्हणा. मुलं लगेच उचलतील.

आणि हे मिथक नव्हे. सृष्टी कशी झाली, मृत्यू का आला असल्या मोठ्या प्रश्नांच्या देवादिकांच्या कथांना मिथक किंवा प्राक्कथा म्हणावं. ही लोकसमजूत, फार तर दंतकथा.

प्रतिसाद

‘निळटोप्या’ गोड आहे, म्हणूनच जपून. खाणींतल्या मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या १८४२च्या अहवालात सेरा गूडर या आठ वर्षांच्या ट्रॅपर मुलीची जबानी आहे. उजेड असला तर मी कधीकधी गाते, अंधारात गायची छाती होत नाही, असं ती सांगते. अंधारात भेटणाऱ्याला ती मुलगी लाडाने हाक मारील का?

शिवाय ‘बालकामगार’ हा शब्द कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका. त्याच वर्षी कायदा झाला, बायका-मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला बंदी आली. हा शब्द त्या कायद्याच्या बाजूने पाहणारा आहे. मुलगी स्वतःला तसं म्हणणार नाही, ती ‘कामाला जाते’.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. ‘मी दारावर’ घेतलं, आणि ते घेतल्यावर शेवटचं प्रकरण बदलावं लागलं. कथा सिल्कस्टोनच्या हस्कर खाणीतल्या ४ जुलै १८३८च्या दुर्घटनेपाशी संपते. वादळी पावसाने वर ओढणारं इंजिन बंद पडलं, मुलं दुसऱ्या वाटेने बाहेर निघाली, ओढ्याचा लोंढा आत शिरला आणि त्याने त्यांना एका दारावर नेऊन आपटलं. पाण्याच्या दाबाने ते उघडेना. २६ मुलं गेली, सर्वांत लहान सात वर्षांची. आता तिथे ‘दारावर’ पुन्हा येतो आणि मला दुसरा शब्द नको आहे.

निळटोप्याबद्दल आक्षेप पटला. पहिल्या भागात मुलगी त्याला नावच देणार नाही, नुसतं ‘तो’. नाव देईल ती ताई, वर आल्यावर, उजेडात.

एक उरलं. दार आपण ‘लावतो’, ‘लोटतो’, ‘ओढून घेतो’. माझ्या मुलीच्या हातात दोरी आहे. दोरी सोडली की दार आपल्याच वजनाने मागे येतं. त्याला ‘पडतं घेतं’ म्हणता येणार नाही, ‘मिटतं’ फार मऊ वाटतं. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद

आमच्याकडे ‘दार लागलं’. कोणी लावलं ते सांगावं लागत नाही.