ग्रंथालयातील ऑनलाइन सुविधा विद्यार्थी वापरत नाहीत, काय करावे?

प्रश्न (ग्रंथपाल, वाशी): आमच्या महाविद्यालयात कोहा या ग्रंथालयीन संगणकप्रणालीवर ऑनलाइन ग्रंथसूची आहे, महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके पुरवणाऱ्या एन-लिस्टचे सदस्यत्वही आहे, तरीही प्रकल्पासाठी मुले थेट गूगलवर जातात. पहिल्या सत्रातील परिचयवर्गाचा फारसा उपयोग होत नाही. आपला अनुभव कळवावा.

उत्तर १ (सहायक ग्रंथपाल, ठाणे): परिचयवर्ग प्रकल्पाचा विषय ठरल्यानंतरच घ्यावा. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने ‘ठाणे खाडीतील प्रदूषणाचा फ्लेमिंगोंवर काय परिणाम होतो’ हे अख्खे वाक्य शोधचौकटीत टाकले आणि हाती काहीच लागले नाही. तेव्हा तिच्या शेजारी बसून ‘फ्लेमिंगो’ आणि ‘ठाणे खाडी’ हे दोन शब्द इंग्रजीत, मध्ये ‘अँड’ घालून शोधायला लावले, तसे उपयोगी लेख समोर आले. त्यानंतर तिला संदर्भ साठवून त्यांची सूची तयार करणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर दाखवले, कारण संदर्भसूचीची धास्ती मुलांना शोधापेक्षा अधिक असते. शोधगंगा या विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधही अवश्य दाखवावेत.

उत्तर २ (प्राध्यापक, मराठी विभाग, ऐरोली): आधी सूची तपासा. अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत किंवा युनिकोड ही संगणकावरील लिप्यांची प्रमाण पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये आहेत. देवनागरीत शोधणाऱ्याला पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’ असेच दिसते, आणि हा मराठीच्या वाचकावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोहाला युनिकोड चालते. निदान मागणी असलेल्या पुस्तकांच्या नोंदी तरी देवनागरीत करून घ्याव्यात.

प्रश्नकर्ते: दोघांचेही आभार. देवनागरी नोंदींचे काम याच सुट्टीत हाती घेतो. एन-लिस्ट घरूनही वापरता येते, हे मात्र विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे.