आईला बेडसोर झालाय, घरात कॅमेरा लावू का?

मंजिरी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आई ८१ ची. गणपतीच्या आधी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आडवीच आहे. मी सकाळी साडेसातला घर सोडते ते रात्री आठला परत, त्यामुळे पेशंट सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून १२ तासांच्या मावशी ठेवल्यात, दोन महिन्यांत या तिसऱ्या. रविवारी मावशींची सुट्टी म्हणून मी आईला पुसायला घेतलं तर माकडहाडावर रुपयाएवढी जागा सोललेली, लाल, ओलसर. मावशींना विचारलं तर म्हणतात मी रोज स्पिरिटने चोळून पावडर लावते की ताई. ब्युरोला फोन केला तर उद्या दुसरी बाई पाठवतो म्हणाले, विषय संपला त्यांच्याकडून. भाऊ बोस्टनहून म्हणतो कॅमेरा लाव. आईला विचारलं तर "चाललंय गं", एवढंच. बाई बदलू की कॅमेरा लावू? आणि दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाने काळजी नीट घेतली जातेय की नाही हे ओळखायचं तरी कसं?

रिटायर्ड_सिस्टर
कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी जखम डॉक्टरांना दाखवा, उद्यावर ढकलू नका. स्पिरिट आणि पावडर आजपासून बंद. स्पिरिटने कातडी कोरडी पडून फाटते, आणि लाल जागा चोळली तर आतलं आणखी दुखावतं. मावशींची चूक म्हणू नका, आमच्या ट्रेनिंगच्या काळात आम्हीपण हेच करायचो.
कूस दर २ तासांनी बदलायची, पूर्ण कुशीवर नाही तर पाठीमागे उशीचा टेकू देऊन थोडं कलतं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन गुडघ्यांत उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, कमरेखाली आडवी चादर घालून दोघींनी उचला. एअर बेड घ्या पण तो घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही, लोक तिथेच फसतात. अंडं, डाळ, दूध, पनीर वाढवा, किडनीचा त्रास असेल तर मात्र विचारून.
आता दोन प्रश्न, राग मानू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतर साधारण दुसऱ्या दिवसापासून बसवायला, उभं करायला घेतात, मग तुमच्या आई दोन महिने आडव्या का? सर्जनने तसं सांगितलंय की भीतीने कोणी उठवतच नाहीये? आणि मावशी १२ तास असतात, मग रात्री कूस कोण बदलतं?

अनिरुद्ध_बँकवाला
मी नोकरीत ४ वर्षं केरळात कोझिकोडला होतो. तिथे १९९३ पासून पॅलिएटिव्ह सेवेचं, म्हणजे मोठ्या आजारात पेशंटचा त्रास कमी करायचं काम चालू आहे, गल्लीतले साधे लोक व्हॉलंटियर म्हणून घरी जातात, केरळ सरकारचं धोरणही २००८ ला आलं. आमच्या घरमालकांकडे नर्स यायची, ती स्वतः पाच मिनिटं काम करायची आणि वीस मिनिटं सुनेला शिकवायची. तिथूनच मी वहीची सवय उचलली. बाबांच्या उशाशी वही, त्यात वेळ, कोणती कूस, किती खाल्लं, लघवी पिवळी की गडद, शी झाली का, बास. ज्या दिवशी सगळ्या वेळा एकाच पेनाने एका दमात लिहिल्यासारख्या दिसतील त्या दिवशी समजायचं काय ते. कॅमेरा मी लावला नाही, त्याच पलंगावर स्पंजिंग होतं हो, आपल्या बापाला मोबाइलवर तसं कोण बघणार.
बाकी १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट.

नाव_नको
माझी आई हेच काम करते म्हणून लिहितेय. १२ तासांची ड्यूटी म्हणजे घरातून निघून घरी येईपर्यंत १५ तास, ब्युरो पगारातून आपला कट घेतो आणि शिकवत काहीच नाही, पहिल्या दिवशी पेशंटचा पत्ता देतात बस. साठ किलोचा माणूस एकटीने वळवून तिची कंबर गेलीय. एका घरात तिला जेवायला बाल्कनीत बसवायचे. तिसरी बाई बदलताय तर चौथीला तुमची आई कशी वळते, कुठे दुखतं, हे परत पहिल्यापासून कळायचं. एक दिवस सुट्टी काढा आणि तिच्यासोबत उभं राहून करा ना.

मंजिरी_डोंबिवली
सगळ्यांना थँक्स. सर्जनना दाखवलं, ड्रेसिंग सुरू झालं. ते म्हणाले बसवायला मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, फाइलमध्ये लिहिलंयसुद्धा. आम्हीच परत पडेल म्हणून उठवत नव्हतो. काल फिजिओने पाय खाली सोडून दहा मिनिटं बसवली तर आई म्हणते खिडकीतलं झाड किती वाढलंय.
सिस्टर, रात्रीचं काय लिहू. मी थकून झोपते ती सहाला उठते. आता अलार्म लावलेत, एकला मी, तीनला मुलगा, असं करतोय. मावशींना ठेवलंय, आईच म्हणाली तिला नको बदलू, ती केस दुखवत नाही विंचरताना. एक विचारायचं राहिलं, पाठीमागे टेकायला घरातला लोड चालेल का?

रिटायर्ड_सिस्टर
लोड कडक पडतो, नको. जुनी मऊ गोधडी गुंडाळी करून लावा.