अ‍ॅल्युमिनाचा जाड-पातळ नोझल: स्लिप कास्टिंग की जेल कास्टिंग?

भट्टीकर:
अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचा) नोझल करायचाय. एका टोकाला भिंत ४ मिमी, दुसऱ्या टोकाला २०. प्लास्टरच्या साच्यात स्लिप कास्टिंगने (पावडर-पाण्याचं मिश्रण ओतून) पातळ बाजू झकास येते, पण जाड बाजूच्या पोटात पोकळी राहते आणि दोन्ही जुळतात तिथे तडा जातो. नग मोजकेच हवेत, त्यामुळे इंजेक्शन मोल्डिंगची डाय परवडणार नाही. जेल कास्टिंग कुणी केलंय का?

स्लरीबहाद्दर:
वळा तिकडे. प्लास्टर पाणी ओढतं तसा थर चढतो, आणि तोच थर पुढच्या पाण्याची वाट अडवतो. जाडी वाढते ती वेळेच्या वर्गमुळाने. पाचपट जाडीला २५ पट वेळ. तोवर पातळ बाजू वाळून आकसलेली असते, मग तडा जाणारच. जेल कास्टिंगमध्ये स्लरी, म्हणजे पावडर-पाण्याचं मिश्रण, त्यातल्या रसायनाने जेल होऊन आहे तिथेच घट्ट होते, भिंत कितीही जाड असो.

आधी स्लरी मात्र नीट करा. घनभाग आकारमानाने किमान ५० टक्के हवा, म्हणजे वजनाने साधारण ८०. डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) म्हणून अमोनियम पॉलिअ‍ॅक्रिलेट चालेल. ओतण्याआधी व्हॅक्यूममध्ये हवा काढा. आणि जेल करणारा मोनोमर (साखळीने जोडला जाणारा छोटा रेणू) म्हणून अ‍ॅक्रिलअमाइड नको, मज्जासंस्थेला घातक आहे, मेथाक्रिलअमाइड घ्या.

गाळणी:
मोजक्या नगांसाठी मोनोमरच्या भानगडीत पडायचंच कशाला? हवेतल्या ऑक्सिजनने पॉलिमरायझेशन (मोनोमर जोडून साखळी होणं) अडतं, उघडा पृष्ठभाग चिकट राहतो, मग नायट्रोजन आणा. त्यापेक्षा आयसोबॅम १०४ हे पाण्यात विरघळणारं तयार पॉलिमर बघा. डिस्पर्संटही तेच, जेलही तेच करतं. पावडरीच्या वजनाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास पुरतं आणि साध्या हवेत, खोलीच्या तापमानाला जमतं. भाजताना जाळायला बाइंडर (कण धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ) जवळपास नाहीच, २० मिमीच्या भिंतीत हा मोठा फायदा. ओला तुकडा नाजूक असतो, तेवढं सांभाळा.

भट्टीकर:
आयसोबॅम पटतंय. साचा प्लास्टरचाच ठेवू?

ओलीसुकी:
नको, पाणी न शोषणारा घ्या. आणि नोझलच्या भोकातला गाभा जेल धरल्यावर, वाळवण्याआधीच काढा. जेल आत आकसतं, गाभा आकसत नाही. तुकडा त्याच्याभोवती आवळून उभा फाटतो. गाभ्याला थोडा उतार द्या, म्हणजे सहज निघेल. सुरुवातीला ९० टक्क्यांवर आर्द्रता ठेवून वाळवा. कडा लवकर पांढरी पडायला लागली तर झाकण घाला, घाई होतेय. वाळलेल्या तुकड्याची घनता पूर्ण भरीव अ‍ॅल्युमिनाच्या ५५ टक्के भरली तर सिंटरिंगमध्ये (भट्टीत भाजून कण एकजीव करताना) प्रत्येक माप साधारण १८ टक्के घटेल. साच्याची मापं त्या हिशेबाने काढा, वाळतानाची घट वेगळी.