डिव्हिडंड : लाभांश, वाटा की खंड?

मुठाकाठची : कोथरूडच्या एका अभ्यासगटासाठी पुस्तिका मराठीत करतेय. विषय अमेरिकेतलं अलास्का राज्य. तिथे १९७६ साली घटनादुरुस्ती करून तेल-खनिजांच्या रॉयल्टीतला (ती काढू देण्याबद्दल कंपन्या सरकारला देतात त्या पैशातला) किमान २५ टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायचं ठरलं. १९८२पासून त्या निधीतून दरवर्षी प्रत्येक पात्र रहिवाशाला, अगदी लहान पोरांनासुद्धा, सारखी रक्कम मिळते. तिला तिकडे डिव्हिडंड म्हणतात. मी 'लाभांश' लिहिलं, तपासणाऱ्या काकांनी खोडून 'अनुदान' केलं. काय ठेवू?

शनिवारातला : अनुदान साफ चूक. अनुदान गॅसचं, ठिबकचं. सरकार देतं, आपण हात पसरतो. इथे तेलच लोकांचं आहे.

चिंचेचं पान : मग लाभांश तरी कसा? लाभांश मिळतो शेअरवर, आणि शेअर विकता येतो, मेल्यावर वारसांकडे जातो. अलास्का सोडून गेलं की यातलं काहीच नाही. सरळ 'वाटा' म्हणा.

शनिवारातला : वाटा म्हटलं की भाऊबंदकी आणि कोर्ट आलंच.

इंदापूरकर : आमच्याकडे जमीन दुसऱ्याला कसायला दिली की मालकाला वर्षाकाठी ठरलेले पैसे येतात, तो खंड. आजी दिवाळीनंतर विचारायचीच, "खंड आला का रे?" इथे मालक जनता, कसणारी तेल कंपनी. शब्द घरातच आहे, शहरात कुणाला आठवत नाही एवढंच.

चिंचेचं पान : शब्द झकास, पण खंड ठरलेला असतो. अलास्कात २०२२ला ३,२८४ डॉलर मिळाले, २०२३ला १,३१२. हा अर्धेलीचा, म्हणजे निम्म्या पिकाचा हिशेब झाला, पीक येईल तसं.

मुठाकाठची : तेही पूर्ण बरोबर नाही. तेलाचा पैसा आधी गुंतवतात, वाटप त्या गुंतवणुकीच्या कमाईतून. शिवाय किती वाटायचं यावर तिथल्या विधिमंडळात दरवर्षी भांडण. म्हणून 'किमान उत्पन्न' असंही लिहवत नाही. किमान कसलं, हमीच नाही.

शुद्धमती : मूळ प्रश्न राहू द्या, 'रॉयल्टी' कशाला? 'स्वामित्वधन' हा सुंदर शब्द असताना?

वाघोलीवाला : आमच्याकडे खडीच्या गाडीला तलाठी अडवतो तेव्हा "रॉयल्टीची पावती दाखव" म्हणतो. स्वामित्वधन म्हणाला तर ड्रायव्हर देवळाची वर्गणी समजेल.

शुद्धमती : सावरकरांच्या 'महापौर'लाही लोक हसलेच असतील. आज कुणी मेयर म्हणतं का?

वाघोलीवाला : महापौराला खडी भरायची नसते हो.

चंद्रपूरची लेक : इथे खडीवर विनोद चाललेत म्हणून सांगते. खाण कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खाणींच्या जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम तिथे जमा करावी लागते. पण तो पैसा पाणी, रस्ते, शाळा अशा कामांना जातो, माणसाच्या खात्यात नाही. आमच्याकडे घरावर कोळशाची धूळ बसते, धुणं आत वाळवावं लागतं. मग आईच्या नावाने वर्षाला काही आलं तर तिने त्याला काय म्हणायचं? ती 'हक्काचे पैसे' म्हणेल.

इंदापूरकर : हे पटलं. 'हक्काचा खंड'?

शनिवारातला : अलास्कात आधी जितकी वर्षं राहिलात तितके पन्नास-पन्नास डॉलर असा बेत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली तो रद्द केला, नवे-जुने भेद नकोत म्हणून. पुण्यात असतं तर पेठेत जन्मलेल्यांना दुप्पट आणि पिंपरी-चिंचवडला टोकन.

वाघोलीवाला : आम्हाला तर पुण्यात धरायचं की नाही यावरच समिती बसेल.

शुद्धमती : विनोद पुरे. मुठाकाठचीताई, पुस्तिकेत कुठे 'रहिवाशी' असं प्रथमेत लिहिलंय का? मूळ शब्द 'रहिवासी'. 'रहिवाशाला' हे सामान्यरूप, म्हणून तिथे श.

चिंचेचं पान : सोसायटीच्या प्रत्येक फलकावर 'रहिवाशी' असतं. सगळं पुणं चुकलं?

शुद्धमती : हो.

मुठाकाठची : सोमवारी छपाईला द्यायचंय. काकांना सध्या 'लाभांश'च सांगते. 'खंड'वर अजून कुणाला काही म्हणायचंय का?

शनिवारातला : 'सदनिकाधारक' लिहा, म्हणजे श-स चा वादच नको.