एका छत्रीवर तीन बॉक्स: खालचा बंद केला की वरचे दोन्ही का बंद पडतात?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. आमच्या घराच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची एकच छत्री आहे. तळमजल्यावर आई, मधल्या मजल्यावर भावाचे कुटुंब आणि वर आम्ही राहतो, आणि प्रत्येकाचा बॉक्स वेगळा आहे. नवी पेठेतून चार तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे छत्रीची एक वायर अनेक बॉक्सना वाटून देणारा जोड, आणून बसवला. आईचा टीव्ही चालू असेपर्यंत तिन्हीकडे चित्र दिसते. मात्र दुपारी जेवणानंतर तिने बॉक्सचा खटका बंद केला की वरच्या दोन्ही पडद्यांवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. शिवाय काही वाहिन्यांचे चित्र चौकोन चौकोन होऊन तुटते. बसवणारा मोठी छत्री घ्यायला सांगतो. तो खर्च योग्य ठरेल का?

उत्तर १
मोठ्या छत्रीने यातले काहीच सुटणार नाही. छत्रीसमोरच्या एलएनबीला, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वेगळी वीजजोडणी नसते. तिला लागणारी वीज बॉक्सच त्याच वायरमधून वर पाठवतो. आपल्या स्प्लिटरच्या बहुधा एकाच तोंडातून वीज वर जात असावी, आणि नेमके तेच तोंड आईच्या वायरला जोडलेले असावे. त्यामुळे त्यांचा खटका बंद झाला की एलएनबीच बंद पडते.

तुटणाऱ्या चित्राचे कारण वेगळे आहे. एलएनबी आलेल्या लहरींच्या वारंवारतेतून ९,७५० मेगाहर्ट्‌झ वजा करून उरलेला सिग्नल खाली पाठवते, म्हणजे ११,५०० च्या आसपासची वाहिनी वायरमधून १,७५० वर येते. केबल टीव्हीचा स्प्लिटर मात्र ५ ते १,००० मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या कामासाठी बनवलेला असतो, त्यामुळे त्याहून वरचा सिग्नल त्यातून क्षीण होऊन जातो. त्याच्या पत्र्यावर काय छापले आहे ते कृपया पाहावे.

उत्तर २
वरील उत्तराला एक जोड देतो. सर्व तोंडांतून वीज जाणारा, २,३०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा स्प्लिटर घेतला तरी तो केवळ एकाच ध्रुवणाच्या (लहरींच्या कंपनाची दिशा, उभी किंवा आडवी) वाहिन्यांसाठी निर्धोक असतो. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभे ध्रुवण देते आणि १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडवे. एकाने १३ आणि दुसऱ्याने १८ पाठवले, तर १८ वाल्याचे चालते आणि पहिल्याचे चित्र जाते. बॉक्सच्या मेनूत ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरच्या प्रक्षेपकांची) यादी उघडून सगळ्यांपुढे ‘व्ही’, म्हणजे उभे ध्रुवण, असल्याची खात्री करून घ्यावी. माझे मत विचाराल, तर चार तोंडांची एलएनबी घेऊन प्रत्येक मजल्याला स्वतंत्र वायर न्यावी. मग कोणाचा बॉक्स काय मागतो याच्याशी दुसऱ्याला देणेघेणे राहत नाही. वायर जास्त लागते, हे खरे.

उत्तर ३
एलएनबी बदलताना जुनी किती फिरवून बसवली आहे याची खूण मार्करने करून ठेवावी आणि छत्रीचा दांडा हलू देऊ नये. तो हललाच, तर फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे सोलापुरातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच येतो. वायरच्या टोकाला कनेक्टर बसवताना जाळीचा एकही केसासारखा धागा मधल्या तारेला टेकता कामा नये. माझी एक अख्खी सकाळ अशाच एका धाग्याने खाल्ली होती.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. स्प्लिटरवर खरोखरच ‘५-१०००’ असे छापलेले होते आणि एकाच तोंडाशेजारी वीज जाण्याची खूण असलेला लाल ठिपका होता. आईची वायर तिथेच होती. आता चार तोंडांची एलएनबी बसवली असून तीन वायरी स्वतंत्र नेल्या आहेत, आणि चौथ्या तोंडाला पावसासाठी रबरी टोपी लावली आहे. आज दुपारी आईने नेहमीप्रमाणे खटका बंद केला, तरी भावाकडची मालिका चालूच राहिली.